पुरणपोळी खाल्लेली थ्री-टनर

माझं गाव शिरूर. एकाहत्तरच्या सप्टेंबरात आमची ट्रान्सपोर्ट कंपनी पश्चिम सीमेवर होती. माझ्या ताब्यात एक जुनी थ्री-टनर लॉरी. घरी बैल हाकत वाढलेलो, त्यामुळं पोळ्याला हात गप्प बसेनात. बंपरला हिंगूळ फासला. लंगरात, म्हणजे पलटणीच्या भटारखान्यात, हाता-पाया पडून करून घेतलेली पुरणपोळी रेडिएटरच्या जाळीला चारली. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला इन्स्पेक्शन. जाळीवर मुंग्यांची ही रांग! कॅप्टनसाहेबांनी सात दिवस पिठ्ठू परेड ठोकली, पाठीवर ओझं बांधून पळायची.

माझा को-ड्रायव्हर किसन, दौंडचा. पोट धरून हसला. "आरं, ती काय रवंथ करणार हाय का?"

हसू द्या. सरळ सांगतो, माझा त्या गाडीवर जीव होता. तिच्या साऱ्या खोडी मला पाठ. पहिल्या गिअरला अडून बसायची, रिव्हर्सला मात्र डोंगर ओढायची.

डिसेंबरात लढाई जुंपली. एके दिवशी दुपारी दोन-दहाला, सहा जखमी घेऊन परतताना नाल्याच्या वाळूत मागची चाकं रुतली. तोफेचे गोळे जवळ पडू लागले. जखमींमध्ये एक सिग्नलवाला होता. त्याच्या वायरलेस सेटवर हुकूम आला, "गाडी छोडो. पैदल आओ. ओव्हर."

पैदल? चौघांना तर उभंही राहता येत नव्हतं. मी सेट हातात घेतला.

"साब, गाडी निकलेगी. ओव्हर."

किसनकडं एक वाकळ होती. त्याच्या आईनं आन् गल्लीतल्या बायांनी आपापली जुनी लुगडी घालून शिवलेली. आम्हाला कधी बोटसुद्धा लावू दिलं नव्हतं पठ्ठ्यानं. तीच त्यानं चाकांमागं कोंबली. मी रिव्हर्स टाकला. किसन मागं उभा राहून ओरडू लागला.

"घे मागं! ये, ये... आली रं, आली!"

गाडी काठावर चढली. तेवढ्यात गोळा फुटला आन् किसनचा आवाज बंद झाला. त्याला उचलून गाडीत घातलं. वळसा मारून दोन-पंचावन्नला ड्रेसिंग स्टेशन, म्हणजे मलमपट्टीचा तळ, गाठलं. सहाच्या सहा जखमी वाचले. किसन वाटेतच गेला.

मार्चात रजा मिळाली. घरी जायच्या आधी दौंडला उतरलो. त्याच्या आईनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "ती सहा पोरं कुठली?"

"आपल्याकडचं एकबी न्हाई, मावशी. कुणी पंजाबचं, कुणी मद्रासकडचं."

"आसू दे. आपलीच हायती."

रजा संपवून परत निघालो, तर अख्खी गल्ली दौंड स्टेशनावर हजर. मावशीच्या काखेत नवी वाकळ. घराघरातली लुगडी, मधोमध किसनचा सदरा.

"गाडीत ठिव," ती म्हणाली. "जखमी माणसाला खाली लोखंड टोचतंय."

गाडी मोडीत निघेपर्यंत ती वाकळ तिच्यातच होती. कुणी जखमी हात फिरवून विचारायचा, "ये किसकी है?"

मी सावधान उभा राहून सांगायचो, "सिपाही किसन. दौंड."