डोळे वटारणाऱ्या सावंतबाई

ते पत्र मीच लिहिलं होतं. 'सेक्रेटरी सावंतबाई सभासदांवर डोळे वठारतात व आवाज चढवतात, सबब त्यांना पदावरून दूर करावे.' मुलुंडच्या आमच्या सोसायटीत दारोदार फिरून मी त्यावर बावीस सह्या घेतल्या. एकही सही घेताना मला लाज वाटली नाही.

सावंतबाई मूळच्या कुडाळच्या, आता पुन्हा तिकडेच राहतात. अकरा वर्षं त्यांनी आमची इमारत सांभाळली. पाण्याच्या टाकीत स्वतः उतरून गाळ बघणारी सेक्रेटरी मी दुसरी पाहिली नाही. कुणी तक्रार घेऊन आलं की म्हणायच्या, "आधी बघान येतंय, मगे काय ता बोलया."

मग वर्षभरात बाई बदलल्या. डिसेंबरातही पंखा पाचवर. भूक वाढलेली, तरी वाळत चाललेल्या. साध्या नोटिशीवर सही करताना हात थरथरायचा. कुणी उलट बोललं की आवाज चढायचा, आणि डोळे तर कायमचेच मोठे. पद डोक्यात गेलं, असं आम्ही ठरवून टाकलं. थायरॉईड कुणाला सुचला नाही. त्याने माणूस सुटतो, एवढंच आम्हाला ठाऊक.

सभेत माझं पत्र त्यांनीच वाचून दाखवलं. विषयपत्रिकेवर होतं ना. कागद हलत होता, पण एक शब्द गाळला नाही. वाचून झाल्यावर माझ्याकडे बघून म्हणाल्या, "दामल्या, वटारतात मध्ये ट असतो रे, ठ नाही." आणि किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवून निघून गेल्या.

पंधरा दिवसांनी त्या माझ्या दारात उभ्या. छातीत धडधड वाढली म्हणून दवाखान्यात गेल्या होत्या.

"सत्यनारायणाचे फोटो तुझ्याकडे आहेत ना? डॉक्टरांना माझा जुना फोटो बघायचाय."

मी मोबाइल उघडला. तीन वर्षांपूर्वीच्या फोटोत बाई माझ्याच शेजारी उभ्या होत्या, हसताना डोळे जवळजवळ मिटलेले. मी मान वर केली. समोरच्या डोळ्यांत बुबुळाच्या वरचं पांढरंही दिसत होतं, आणि त्या वेळी त्या अजिबात रागावलेल्या नव्हत्या.

रिपोर्ट आल्यावर त्यांनी कंपाउंडमध्ये बायकांना जमवून सांगितलं. मी जिन्यात उभा राहून ऐकलं.

"आपल्या पंपाचा ऑटोकट गेलेला, आठवतं? टाकी भरली तरी पंप चालूच. तसं माझ्या गळ्यातल्या ग्रंथीचं झालंय. सगळं अंग धावत सुटतं."

"पण टीएसएच तर कमी आलाय ना गं?" तळमजल्याच्या पाटीलवहिनींनी विचारलं.

"टीएसएच म्हणजे वरून, मेंदूकडून, या ग्रंथीला येणारा हुकूम. पंप आधीच धावतोय, मग हुकूम कशाला सुटेल? हात कापतात, घाम येतो, वजन उतरतं, तर रक्त तपासून घ्या. घरचे म्हणतील, हिचा स्वभावच तसा. त्यांचं ऐकत बसू नका."

पाटीलवहिनींनी तपासून घेतलं. त्यांनाही तेच निघालं, आणि वेळेवर निघालं. आपण जिला घालवलं तीच आपल्या शेजारणीला वाचवते आहे, हे बघताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरीही सांगतो, अशा बाईचा मी शेजारी होतो याचा मला आजही अभिमान वाटतो.

गोळ्यांनी काही महिन्यांत बाईंचा हात स्थिर झाला, वजन भरलं. डोळे मात्र थोडे तसेच राहिले. पुढच्या वार्षिक सभेत त्या मागच्या रांगेत बसल्या होत्या. विषय सुरू होण्याआधी मी उभा राहिलो.

"ते पत्र मी लिहिलं. बाई डोळे वटारत नव्हत्या, त्यांचे डोळे आजाराने पुढे आले होते. सह्यांसाठी मी इतकी दारं वाजवली, पण बरं वाटत नाही का, हे विचारायला यांचं दार वाजवलं नाही. सावंतबाई, माझं चुकलं. मला माफ करा."