चोख रायफल

रबाळ्याला आमच्या कारखान्याशेजारी काकांचं बंदूक दुरुस्तीचं दुकान आहे. कुठलीही रायफल आली की ते डोळे मिटून तिचा गोळी भरायचा बोल्ट मागेपुढे ओढतात आणि कान देऊन ऐकतात. "खरखरतंय. घासावा लागंल." स्वस्त रायफल हाताने घासल्याशिवाय सुधारत नाही, यावरच त्यांनी जन्म काढला.

परवा एका बागायतदाराने रानडुकरांसाठी घेतलेली नवी, स्वस्तातली रायफल आणली. "काका, फसलो का मी?"

काकांनी बोल्ट चारदा ओढला; जराही खरखर नव्हती. "नाय. चोख हाय. मशीननंच घासून आलीय, माझं कायच काम नाय हिच्यात."

तो गेल्यावर त्यांनी कानस फडक्यात गुंडाळून खणात टाकली.

काल एका वॉचमनच्या जुन्या रायफलची खरखर मला दारातूनही ऐकू आली. काकांनी डोळे मिटले नाहीत, की कानसीचा खणही उघडला नाही. "चांगली हाय," म्हणाले आणि तशीच परत दिली.