आठ थाळ्यांचा जोखीम भत्ता

रत्नाबाई आमच्या इस्पितळात अठरा वर्षं आया होत्या, आणि त्यातली सात वर्षं त्या स्वयंपाकी विठोजीशी बोलत नव्हत्या. रोग्यांच्या पेजेत एकदा मीठ जास्त पडलं, त्या बोलल्या, तो उलटून बोलला. तेव्हापासून त्याच्या हातचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही, अशी शपथ. असल्या शपथा लोक दोन महिन्यांत विसरतात. रत्नाबाई विसरण्यातल्या नव्हत्या. मी तिथे कारकून होतो, आणि खरं सांगायचं तर मला त्यांची जरा भीतीच वाटे.

चौऱ्याण्णवच्या सप्टेंबरात सुरतेकडून प्लेगची बातमी आली आणि बेंगळुरातले संशयित तापकरी आमच्याकडे येऊ लागले. मागचा वॉर्ड बंद करून आत नऊ कामगार ठेवले. अकरा दिवस बाहेर यायचं नाही. बदल्यात रोजचे साठ रुपये जोखीम भत्ता. सगळ्यांत आधी रत्नाबाईंनी नाव दिलं. त्यांचे वरचे दात केव्हाच गेले होते आणि शिवाजीनगरच्या दातांच्या डॉक्टरने कवळीचे साडेसहाशे सांगितले होते. भत्ता होणार होता सहाशे साठ.

"दहा रुपये उरतात की," त्या म्हणाल्या. "त्याचे शेंगदाणे खाणार."

रोज सह्या-अंगठे होऊ देत म्हणून हजेरीबुक मी खिडकीतून आत दिलं. माझी अक्कल चरायला गेली होती. बंद वॉर्डात गेलेली वस्तू एकतर उकळून बाहेर येते, नाहीतर जाळतात. बाराव्या दिवशी रत्नाबाईंनी चटया, उशा जाळल्या आणि त्यांच्यावर हजेरीबुकही ठेवलं. पुस्तक काही उकळता येत नाही. नियमाने त्यांचं बरोबरच होतं.

हिशेब खात्याने पुरावा मागितला. हजेरी नाही, तर भत्ता नाही. झाडूवाली भागुबाई माझ्या टेबलासमोर रडली. तेव्हा तोड काढली ती रत्नाबाईंनीच.

"सूर्यकांतअण्णा, स्वयंपाकघरची वही बघा की. आत थाळ्या यायच्या, त्या नावानिशी लिहिलेल्या असतात."

वही घेऊन विठोजी स्वतः आला. अकरा दिवस, रोज आठ नावं. नववं नाव नव्हतं. रत्नाबाईंनी ते अकरा दिवस बहिणीने खिडकीत ठेवलेला ब्रेड दुधात भिजवून काढले होते. वही सुचवतानाच हे त्यांच्या ध्यानात होतं का, ते मी कधी विचारलं नाही.

सात वर्षांत पहिल्यांदा विठोजी त्यांच्याशी बोलला. "अक्का, खाली स्वल्प जागा आहे. तुमचं नाव लिहून टाकतो."

"मी तुझ्याकडचं जेवले नाही."

"ठाऊक आहे. नुसतं लिहितो."

"नको. एक नाव खोटं निघालं, तर आठांचे पैसे अडतील." मग वही त्याच्याकडे सरकवत म्हणाल्या, "आणि तुझ्या हातचं जेवले असं कागदावर राहायचं, ते तर नकोच."

तेव्हा मी बोलायला हवं होतं; हजेरीबुक आत दिलं ती चूक माझी होती. त्याची मला अजून लाज वाटते.

आठ नावांची यादी गेली. खात्याने आणखी एक कागद मागितला: हे कामगार बंद वॉर्डात काम करत होते, हे प्रत्यक्ष पाहणाऱ्याची साक्ष, प्रत्येकासाठी वेगळी. रत्नाबाईंनी माझ्या टेबलाशी बसून आठ कागदांवर सावकाश आठ सह्या केल्या. आठवड्याभरात आठही मंजूर झाले. भागुबाईने पैसे मोजून पदरात बांधले.

मग मी धीर करून खात्याला लिहिलं, की ज्या बाईची साक्ष आपण आठ वेळा खरी मानली, ती त्या वॉर्डात असल्याशिवाय हे पाहणार कशी? तिचाही भत्ता द्यावा.

उत्तर एका ओळीचं आलं. साक्षीदारास भत्ता देय नाही.