शिराज न गिळणारे भावजी

आमचे धाकटे दीर, वसंतभावजी, चहासुद्धा आधी तोंडात घोळवायचे. या गालातून त्या गालात, डोळे मिटून. "भावजी, चहा हाय तो, गिळा की!"

"वैनी, घशाला चव कळत न्हाय. जिभंला इचारायचं."

आता काय बोलायचं या माणसाला!

साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत होते तोवर ठीक होतं. दोन हजार सालानंतर तासगावकडं वाईनचा एक कारखाना निघाला आणि हे तिथं चव बघायच्या कामाला लागले. आम्ही बौद्ध. सासऱ्यांनी लहानपणीच पोरांना पंचशील दिलेलं. भावजी दिवसभर वाईन तोंडात घेत आणि बादलीत थुंकत. आयुष्यात थेंब गिळला नाही. पण गल्लीला हे पटवणार कोण?

रविवारी कोल्हापूरला आले की माझ्या ओट्याशी उभं राहून शिराजचं, काळ्या द्राक्षांच्या त्या तांबड्या वाईनचं, पुराण सुरू. "खडकाळ माळ पायजे, वैनी. दिवसा ऊन, रात्री गारठा, पाणी बेतानं. वेलाचं हाल झालं की साल जाड हुतंय. रंग, जोर, सगळा सालात. आधी जांभूळ, मागनं काळी मिरी, आणि शेवटी कच्ची सुपारी चावल्यागत जीभ आवळून धरती."

मी तांबडा रस्सा ढवळत असायची. त्यावर नाक मुरडून म्हणायचे, "ह्याच्यासंगं न्हाय चालायची ती. तिखटावर जाळ हुतोय नुसता. हिला सुकं मटण पायजे, मिरची कमी, मिरी जास्त."

कोल्हापुरात बसून मिरची कमी! हातातला डाव हाणावासा वाटायचा.

जाऊबाई लवकर गेल्या, म्हणून भावजींची सुषमा माझ्याच हाताखाली वाढली. तिला कागलचं स्थळ आलं. मुलगा एमआयडीसीत, पोरीच्या मनात पक्का बसलेला. पण त्याचे वडील, गुरुजी, विहारात वंदना घेणारे, फार कडक. मी भावजींना बजावलं, "द्राक्षाच्या बागंत हाय म्हणा. असत्यात की द्राक्षं तिथं!"

मुलगी बघायला आले तेव्हा गुरुजींनी नोकरीचं विचारलं आणि यांनी सांगितलं, "वाईनच्या कारखान्यात. चव बघतो, थुंकतो."

गुरुजींचा चेहरा उतरला. "नोकरी सोडतो म्हणा. सोयरीक पक्की."

मी आतून खुणा करून दमले. पण नाही!

"सोडणार न्हाय, आणि सोडतो म्हणून सांगणार बी न्हाय. दारू प्यायची न्हाय हे पाळतोय, गुरुजी. मग खोटं बोलायचं न्हाय हे मोडू व्हय?"

गुरुजी उठले. स्वयंपाकघरात सुषमा डोळ्याला पदर लावून. मुलगी कुणाच्या वळणावर गेलीया, म्हणून गुरुजींनी दारात मला विचारलं. माझा तर तोल सुटलेला.

"बापाच्या! तोंडावर खरं बोलती. कितीबी शिकवा, हे घराणंच सुधारायचं न्हाय!"

गुरुजी थबकले. पायात घातलेली चप्पल काढली, आत येऊन चटईवर बसले.

"वाढा," म्हणाले.

भावजी गेले तेव्हा वंदना गुरुजींनीच घेतली. चौथ्या शीलाला, खोटं न बोलण्याच्या, त्यांचा आवाज अडकला तो अडकलाच. पुढचं, दारूचं, सुषमानं म्हटलं. खड्या आवाजात.