मंदाकिनीचं रोम

मंदाकिनी हट्टी आहे असं आमच्या पिपलानीत, भोपाळच्या वीजयंत्रांच्या कारखान्याच्या टाउनशिपमध्ये, सगळे म्हणायचे. म्हणू देत. मी तिची शेजारीण, आधी भोपाळला आणि मग लिबियाच्या कॅम्पवर. तिला एक गोष्ट हवी होती आणि ती तिनं शंभरदा नीट शब्दांत मागून पाहिली होती. नीट मागून मिळालं नाही आणि तरी बाई मागतच राहिली, की लोक तिला हट्टी म्हणतात.

ती मूळची उज्जैनची. कारखान्याच्या शाळेत सहावीला इतिहास शिकवायची. पुस्तकात रोमच्या धड्यात कोलोसियमचं एक चित्र होतं, पोस्टाच्या तिकिटाएवढं, त्यातही शाई पसरलेली. ही बया ते फळ्यावर मोठं काढून दाखवायची. एकदा एका पोरीनं उभं राहून विचारलं, "मॅडम, आपने देखा है?" आता पिपलानीची मास्तरीण फार तर भोजपूरचं देऊळ बघणार, रोम कुठून? पण तो प्रश्न तिच्या जिव्हारी लागला. संध्याकाळी माझ्या ओट्यावर बसून म्हणाली, "सरोज, न पाहिलेलंच शिकवत म्हातारी होणार गं मी."

पुढे कारखान्यानं लिबियात वीजघर उभारायचं काम घेतलं आणि आमची बिऱ्हाडं वाळवंटात जाऊन पडली. पत्र्याची घरं, चहूकडे वाळू, दळणापासून सगळ्याची बोंब. पण ईदला साइट बंद असायची, चार दिवस सुटी मिळायची, आणि विमानानं रोम अगदी हाकेवर. मंदाकिनीला हे कळलं त्या दिवशी तिनं पुरणपोळ्या केल्या. सणवार काही नसताना!

पहिल्या खेपेला आम्ही सगळे टोळीनं गेलो. टोळीचे नाईक गोपीनाथराव, म्हणजे मंदाकिनीच्या नवऱ्याचे, श्रीकांतचे, साहेब. त्यांचा कायदा असा, की परक्या मुलुखात कुणी सुटं फिरायचं नाही, जायचं तिथे सगळे मिळून. आणि सगळे मिळून म्हणजे बाजार. नणंदेला ब्लँकेट, दिराला शर्टपीस, शेजारच्यांना काचेचे ग्लास. टाउनशिपमधून परदेशी गेलेला माणूस रिकाम्या हाती परतला तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार होतो. मीही हावरटासारखी ग्लास घेत सुटले होते. कोलोसियम बसच्या खिडकीतून दिसलं आणि बस वळलीसुद्धा. श्रीकांत म्हणाला, पुढच्या वेळी नक्की. माणूस सोन्यासारखा, पण साहेबांसमोर तोंडाला कुलूप.

दुसऱ्या खेपेला तिनं आधीच कबूल करून घेतलं, की दुसरा दिवस कोलोसियमचा. सकाळी सगळे तयार. पण गोपीनाथराव म्हणाले, जेवूनच निघू, बाहेर आपल्याला खाण्यासारखं काय मिळणार? भोपाळहून आणलेली कॉइलची शेगडी, वर कुकर, कुकरात खिचडी. भोपाळच्या क्वार्टरमध्ये कारखान्याच्या फुकट विजेला कोण विचारतो, तिथे दिवसभर त्याच शेगड्या पेटलेल्या असायच्या. इथे एका लॉजच्या खोलीत ती लावली, दुसऱ्या खोलीत चहासाठी दुसरी लावली, आणि फट्! आख्ख्या लॉजची वीज गेली. आमच्यात पाच इलेक्ट्रिकल इंजिनिअर होते हो! दुसऱ्या देशाला वीज पुरवायला निघालेले! मालकीण हातवारे करत तिच्या भाषेत आमचा उद्धार करत होती, आणि आमचे पाच महारथी जिन्याखाली फ्यूज शोधत होते. वीज आली तेव्हा दिवस कलला होता. खिचडी कच्चीच राहिली. मंदाकिनी साडी नेसून, पर्स घेऊन पायरीवर बसून होती. मला तेव्हाच वाटलं की आता ही ऐकायची नाही.

तिसरी खेप शेवटची. काम संपलं होतं, भोपाळला परतायचे हुकूम हातात पडले होते. परतीच्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी तिनं सरळ सांगितलं, मी कोलोसियम बघून येते, बस निघायच्या आत परत येईन. गोपीनाथरावांनी तोच कायदा वाचला. त्यावर ती म्हणाली, तुमचा कायदा तुमच्या साइटवर, ही माझी सुटी आहे. श्रीकांतनं हळूच विचारलं, "हरवलीस तर?"

"हरवले तर विचारीन," असं म्हणून ती निघालीसुद्धा.

विमानतळाची बस आली. सामान चढलं, माणसं चढली, मंदाकिनीचा पत्ता नाही. ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागला. भाषा येत नाही, अनोळखी गाव, बाई गेली कुठे? शेवटी गोपीनाथरावांनी फर्मावलं, एकीसाठी सगळ्यांचं विमान चुकवायचं नाही, चला. तेव्हा श्रीकांत उठला. आपली बॅग खाली उतरवली, मग तिचीही उतरवली, आणि म्हणाला, "साहेब, तुम्ही व्हा पुढे. मी तिच्यासाठी थांबतो." आयुष्यात पहिल्यांदा तो त्यांना असं बोलला असेल.

तेवढ्यात ती कोपऱ्यावर दिसली. चपलेचा अंगठा तुटलेला, चपला हातात, अनवाणी पळत येत होती. श्रीकांतनं एवढंच विचारलं, "पाहिलंस?" ती म्हणाली, पाहिलं. गोपीनाथराव दारातच उभे होते. ते कडाडले, की तुमच्यापायी सगळे खोळंबले.

मंदाकिनीला धाप लागली होती, पण आवाज शांत होता. "मी तीन वर्षं तुमच्या सगळ्यांसाठी खोळंबले, गोपीनाथराव. तुम्ही आज माझ्यासाठी थोडा वेळ थांबलात."

बस निघाली. मी तिच्या शेजारी सरकले आणि म्हटलं, सांग बाई आता. आणि ती सांगत सुटली. आत मधोमध जमीनच नाही म्हणे, वरची फरशी कधीच गेली, त्यामुळे खालच्या अंधाऱ्या खोल्या उघड्या पडल्यात, जिथे प्राणी कोंडायचे. पुस्तकातल्या चित्रात त्यांचा मागमूस नव्हता. दगडांवर मांजरं ऊन खात पसरलेली. वरच्या मजल्यावर ती एकटीच बसून राहिली आणि तिला मोठ्यानं रडू आलं. सांगता सांगता तिनं हातांनी हवेत कमानी काढल्या. पुढच्या बाकावरच्या बायका वळून बसल्या. भोपाळला जाऊन पोरींना शिकवायच्या आधी तिनं तो धडा आम्हालाच शिकवला.

गोपीनाथरावांच्या शशिकलावहिनी मांडीवर ग्लासांचं खोकं सांभाळत ऐकत होत्या. सगळ्या खेपांत सर्वांत जास्त खरेदी त्यांचीच. विमानतळ दिसायला लागला तेव्हा त्या नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "मलाही बघायचं होतं."

गोपीनाथराव चकित झाले. म्हणाले, मग बोलली का नाहीस कधी?

"तुम्ही विचारलंत कधी?" वहिनी म्हणाल्या.

बस थांबली. आम्ही सगळ्या तशाच बसून राहिलो. मी तीनदा रोमला येऊनही कोलोसियम एकदाही आत जाऊन पाहिलं नव्हतं, आणि आता परत कधी यायचीही नव्हते. मंदाकिनीनं माझा हात घट्ट धरला, आणि मी हमसून हमसून रडले.