दारावरचा नंबर

प्रशिक्षणाच्या दिवशी साहेबांनी पडद्यावर दोन रेघा दाखवल्या. एक वर चढणारी, ती विकासाची. दुसरी खाली उतरणारी, ती हिंसेची. गरीब देशांत कमाई वाढली, रस्ते झाले, नळ आले की माणसं एकमेकांच्या अंगावर जायची थांबतात, असं ते समजावून सांगत होते. साहेब पुण्याचे, माझ्या मुलाच्या वयाचे, मनाने सरळ. मी मराठवाड्यातून हैदराबादला आलेल्या गवंड्याची मुलगी, चिक्कडपल्लीत दोन खोल्यांत राहणारी, सर्वेक्षणाच्या कामावर कंत्राटी. मराठी वस्तीत पाठवायला सोयीची म्हणून मला घेतलं होतं. बाकीच्यांनी त्या रेघा वहीत उतरवून घेतल्या. मी घेतल्या नाहीत.

अगदीच खोटं होतं असंही नाही. लहानपणी आमच्या वस्तीत एकच नळ होता आणि तिथे रोज झिंज्या उपटल्या जायच्या. आईच्या कपाळावर घागरीचा व्रण शेवटपर्यंत होता. पुढे आम्ही दुसरीकडे राहायला गेलो, तिथे घरोघर पाणी आलं आणि ती भांडणं खरंच संपली. हे मी मान्य करते. पण आम्ही दुसरीकडे गेलो कसे, त्याची रेघ पडद्यावर नव्हती.

मला दिलेली वस्ती शहराच्या पश्चिमेला, काचेच्या उंच इमारतींच्या मागे होती. पत्र्याची घरं, नांदेड-परभणीकडची माणसं, बहुतेक बांधकामावर जाणारी. काही दारांवर आमच्या घरी असतो तसाच पंचशीलाचा झेंडा. आमच्या कामाची रीत अशी की आधी प्रत्येक दारावर खडूने नंबर टाकायचा, मग त्या क्रमाने घरोघर जाऊन प्रश्न विचारायचे. पहिल्या दिवशी मी नंबर टाकले. दुसऱ्या दिवशी गेले तर एकाही दारावर नंबर नाही. सगळे ओल्या फडक्याने पुसलेले. बाया दारात उभ्या, पण माझ्याशी बोलायला कुणी तयार नाही.

शेवटी एक म्हातारी पुढे आली. तिचा आवाज चढलेला नव्हता.

"नंबर टाकला की घरं पाडायची मशीन येती, बाई. आम्ही आधी होतो त्या वस्तीत असाच टाकला होता."

मी तिथल्या दगडावर बसले. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, हे जगाला माहीत आहे. निदान मला तरी कळायला हवं होतं.

कारण आमच्याही दारावर नंबर पडला होता. मी सात-आठ वर्षांची असेन. लाल रंगातला, मोठा. पण आम्ही चूक केली ती उलटी. वडिलांना वाटलं, सरकारदरबारी आपल्या घराची नोंद झाली, आता आपल्याला पत्ता मिळाला, उद्यापासून पोस्टमन येईल. त्यांनी गल्लीत साखर वाटली. पावसाने नंबर धुऊन जाऊ नये म्हणून नारायणगुड्याहून ऑइलपेंटची डबी आणली, आकडे गिरवले आणि भोवती चौकट काढली. गवंडी माणूस, ओळंबा लावून काढली. पाडायला आले तेव्हा त्या लोकांना आमचं घर शोधावं लागलं नाही. त्यानंतर कुठल्याही कागदावर पत्ता लिहायची वेळ आली की वडील पेन माझ्या हातात देत. तिथे आज रुंद रस्ता आहे. माझी बस रोज त्यावरूनच जाते आणि रोज मला राग येतो.

हे सगळं मी म्हातारीला सांगितलं. ती माझ्या शेजारी बसली आणि मग तिचंही सांगू लागली. तीन वर्षांपूर्वी त्या आधीच्या वस्तीत मशीन आलं तेव्हा तिचा लेक आतून पेटी ओढत होता. पोलिसाची काठी बसली, उजवा हात मोडला. नीट जुळला नाही. आता तो थापी धरू शकत नाही, एका इमारतीच्या फाटकावर राखण करतो. ती इमारत त्यांची वस्ती पाडून केलेल्या नव्या रस्त्यावरच आहे, इथून जवळच.

मी टॅब उघडला. विकासाच्या भागात प्रश्न होता, गेल्या पाच वर्षांत जवळपास पक्का रस्ता झाला का. झाला. पुढे हिंसेचा भाग. या काळात घरात कुणावर हिंसा झाली का. खाली बारीक अक्षरात सूचना की चोरी, मारामारी, दंगल धरावी, अधिकृत कारवाई धरू नये. म्हणजे एकाच कामात एकाच जागी जे घडलं, त्यातला रस्ता मोजायचा आणि हात सोडून द्यायचा. डोक्यात तिडीक गेली. मी 'होय'वर बोट ठेवलं. पुढच्या घरीही तेच विचारलं, तेच ऐकलं, तेच भरलं.

निघताना म्हातारीने माझ्याकडचा खडू पाहिला. "नंबर नक्को," ती म्हणाली. "मी सांगते ते लिव." ती सांगत गेली, मी तिच्या दारावर लिहीत गेले. मग तिने ते माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं.

दोन दिवसांनी साहेबांनी ऑफिसात बोलावलं. बाकी वस्त्यांत 'नाही' आणि माझ्याच वस्तीत सगळं 'होय', असं कसं, म्हणून विचारलं. मी सांगितलं. ते शांतपणे म्हणाले की ताई, ही कारवाई आहे, ती व्याख्येत बसत नाही, उत्तरं बदलून द्या, नाहीतर मला तुमचं काम थांबवावं लागेल. घरभाडं डोळ्यांसमोर आलं, नाही असं नाही. पण उद्या बसमध्ये बसून आमच्या पाडलेल्या घरावरच्या त्या रस्त्यावरून जायचं होतं.

"थांबवा," मी म्हटलं. "उत्तर बदलणार नाही. तुम्ही स्वतः येऊन विचारा."

ते आले, हे त्यांचं मोठेपण. वस्तीत नंबर नव्हतेच. म्हातारी दारातच बसली होती. तिने त्यांना आधी दारावरचं वाचायला सांगितलं. साहेबांचं शिक्षण सगळं इंग्रजीतलं, मराठी बोलतात चांगलं पण वाचताना अडखळतात. खडू पुसट झाला होता. ते अक्षराला अक्षर जोडत मोठ्याने वाचू लागले.

"आमचं घर पाडलं. लेकाचा हात मोडला."

ते थांबले.

"अजून हाय," म्हातारी म्हणाली. तिला वाचता येत नव्हतं, पण सगळं पाठ होतं. साहेब पुढे वाचू लागले.

"तिथून रस्ता गेला. आम्ही हितं हाव."

साहेबांनी टॅब काढला खरा, पण प्रश्न विचारला नाही. मग माझ्यासमोर त्यांनी 'होय'वर बोट ठेवलं. बाकीच्या घरांचं वरिष्ठांना विचारून ठरवू म्हणाले. वरिष्ठांनी काय ठरवलं मला कळलं नाही. पुढच्या सर्वेक्षणाला मला बोलावलं नाही. नका बोलावू. मी आता एका शाळेच्या कार्यालयात दाखले लिहिते आणि माझं बरं चाललं आहे.

काम सुटलं त्या रविवारी मी नारायणगुड्याला जाऊन ऑइलपेंटची डबी घेतली आणि वस्तीत गेले. लाल नाही, निळा. म्हातारीच्या लेकाने डाव्या हाताने ओळंबा धरला. मी ती चारही वाक्यं जाड गिरवली आणि भोवती वडिलांसारखी चौकट काढली. रंग वाळेपर्यंत म्हातारी दारापाशी उभी राहिली, कुणाला हात लावू देईना. ते दार पडेल की राहील, मला माहीत नाही. पण पाडायला जो येईल त्याला आधी ते वाचावं लागेल.