टोपलीखालची डबी

ये गो बाय, अशी जवळ बस. तू बोईसरला आणि मी इथे कैनाडला, पण लिहिताना तू माझ्यासमोर पाटावर बसली आहेस असंच मी धरते, नाहीतर हाताला शब्द येत नाहीत. आधी रागावून घेते, मग बाकीचं.

तुझ्या साखरपुड्यात तू भर मांडवात काय सांगितलंस? "आमच्या दोन आज्या आहेत ना, त्या एकमेकींशी बोलत नाहीत, डबीशी भांडतात. तेही हिंदीत! आणि आजी घर सोडून निघाली तेव्हा निरोप कोणाला दिला माहितीये? डबीला!" सगळे हसले. तुझी होणारी सासू पदर तोंडाला लावून हसली. मीही हसले, न हसून जाते कुठे? पण बाय, तू अर्धीच गोष्ट सांगितलीस. तांदूळ अर्धे शिजवून पानात वाढले तर खाणाऱ्याचं पोट दुखतं. माझं दुखलं. म्हणून ही वही काढली. माझं अक्षर तुझ्या बापाच्या पाटीवरून उचललेलं आहे, काना-मात्रा चुकली तर तूच नीट कर.

आपलं घर तुला पाठ आहे, पण ही वही दुसऱ्या कोणाच्या हाती पडली तर त्यालाही कळलं पाहिजे. एकच घर, मधे कुडाची भिंत. भिंतीच्या अलीकडे मी, पलीकडे तुझी आजी, म्हणजे माझी थोरली जाऊ. चुली दोन, ओटी एक. दोघींचे धनी गेलेले. माझा मुलगा वापीला, तिचा, म्हणजे तुझा बाप, बोईसरला. आणि आम्हा दोघींत नऊ वर्षांचा अबोला.

अबोला म्हणजे गप्प बसणं, असं तुम्हा पोरींना वाटतं. तसं नसतं गो. अबोल्यात माणूस उलट जास्त बोलतं, फक्त तोंड दुसरीकडे करून. ती कोंबडीला म्हणायची, "काय गो, लोकांनी नळ उघडा टाकला की तुझी चंगळ." मी जाऊन नळ बंद करायचे. मी भिंतीला सांगायचे, "आज डहाणूच्या बाजाराला जायचंय." घटकाभराने कोंबडीला कळायचं की सुकट संपली आहे. मी सुकट आणून ओटीच्या कडेला ठेवायचे. संध्याकाळी त्याच जागी तिच्या हातच्या कालवणाची वाटी यायची. तोंडं बंद होती, वाट्या चालू होत्या.

मग तिची नजर साखरेने मंदावली. गोळ्यांच्या वेळा चुकू लागल्या. तेव्हा तू ती बोलणारी डबी आणलीस आणि ओटीवरच्या फळीवर बसवलीस. नावाने हाक मारली की निळा दिवा लागतो, मग विचारायचं ते विचार, सांगायचं ते सांग. मराठी डबीला धड कळेना, म्हणून तू म्हणालीस, "आजी, हिंदीतच बोला." आमची हिंदी कुठली? चिकूच्या वखारीतली. पंचवीस वर्षं आम्ही दोघी शेजारीशेजारी बसून चिकू निवडत होतो, पेट्या भरत होतो, आणि ट्रक घेऊन येणाऱ्या परमुलखातल्या माणसांशी बोलून बोलून जेवढी आली तेवढी. जल्दी करो, ये नरम है, कल आना. संपली हिंदी.

पहिल्या दिवशी तुझ्या आजीने डबीला विचारलं, "खाना खाया?" डबी म्हणाली, मी खात नाही. "तो फिर बोलती किस के जोर पे?" आजीने विचारलं. दिवेलागणीला आजीने कोंबड्या झाकायची टोपली आणली आणि डबीवर पालथी घातली. का, तर परकी बाई घरात, सगळं ऐकत बसते, तिन्हीसांजेला तरी तिला झाकावं. रोज दिवा लागला की डबीवर टोपली, आणि सकाळी कोंबड्या सोडल्या की डबीवरची टोपली निघायची. तू हे पाहून हसलीस, पण घरात आलेल्या जिवाची व्यवस्था लावायची तिची ती पद्धत होती.

आठ-दहा दिवसांत कोंबडीचं काम डबीकडे गेलं. मी दिलेल्या डाळीची वाटी तिने ओटीवर परत ठेवली आणि फळीकडे बघून म्हणाली, "उसको बोलो, दाल में नमक नहीं है." डबी म्हणाली, माफ करा, मला समजलं नाही. मी आतून ओरडले, "इसको बोलो, डॉक्टर ने नमक मना किया है!" तर डबी विचारते, मिठाबद्दल माहिती सांगू का? दोघी आपापल्या चुलीपाशी वळलो. मला हसू फुटलं, ते पदरात कोंबलं. भिंतीपलीकडूनही खोकल्यासारखं काही आलं. तो खोकला नव्हता.

पुढे तुझी आजी डबीत आठवणी लावायला शिकली. गोळ्यांसाठी शिकवलेलं तू, पण तिने वापरलं माझ्यावर. दुपारी चार वाजता ती डबी बँकेतल्या बाईसारख्या गोड आवाजात बोलली, "आपके लिए एक रिमाइंडर है. उसका कपड़ा रस्सी पर है." मी धावत जाऊन कपडे काढले आणि दुसऱ्या दिवशी अकराची आठवण लावली, "इसका पैर का तेल खतम हुआ, मैं ने लाया है." असं वर्षभर. मराठीत अबोला, हिंदीत कारभार.

एक सांगते बाय. मराठीत मला तिला टोचता येत होतं. तिलाही येत होतं, ती वाढवणकडची, तिथल्या बायकांच्या जिभेला धार. हिंदीत टोचायचे शब्दच आम्हाला ठाऊक नव्हते. वखारीत शिकलेले सगळे शब्द कामाचे. त्यामुळे हिंदीत आम्ही एकमेकींना फक्त काम सांगितलं, मीठ सांगितलं, पाऊस सांगितला. वाईट काही सांगताच आलं नाही.

आता ते सांगते जे तुला कोणी सांगितलं नाही. अबोला कशाने पडला.

माझा मुलगा जन्मला तेव्हा मी तापाने तीन महिने अंथरुणावर होते. माझ्या माहेरचे झरीहून आले, मला बघून रडत परत गेले, इतकी माझी दशा. तेव्हा तुझा बाप तिच्या अंगावर पीत होता. तिने एका बाजूला तुझ्या बापाला घेतलं, दुसऱ्या बाजूला माझ्या मुलाला. तीन महिने. माझा मुलगा तिच्या दुधावर जगला, हे मी शपथेवर सांगते.

त्या मुलाचं लग्न फार उशिरा निघालं, तेव्हा तुझे आजोबा जाऊन आठ महिने झाले होते. वर्षाच्या आत कार्य उरकावं म्हणून घाई केली. हळदीच्या दिवशी तिने पहाटेपासून जात्यावर हळद दळली. वाटीत कालवली. मुलगा पाटावर बसला तशी ती वाटी घेऊन पुढे आली. थोरली काकू, पहिली बोटं तिचीच. मांडवात दोन बायका कुजबुजल्या. मी ते ऐकलं. आणि मी, माझं कुंकू तेव्हा जाग्यावर होतं ना, मी पुढे झाले, तिच्या हातातली वाटी घेतली आणि म्हटलं, "राहू दे ताई, सवाष्ण लावेल."

एवढंच. भांडण नाही, आवाज नाही. ती बाजूला झाली. तिची बोटं पिवळीच होती, ती तिने पदराला पुसली. त्या दिवसापासून ती माझ्याशी बोलली नाही. पुढच्या वर्षी माझेही धनी गेले. कोणाच्या तरी घरी हळद होती, मला आमंत्रण होतं, आणि एकीने मला हळूच भिंतीकडची जागा दाखवली. तिथे बसल्यावर मला ती वाटी दिसली. तेव्हाच घरी येऊन तिच्यापुढे बसायला हवं होतं. मी नाही बसले. आधी लाज आडवी आली, नंतर सवय.

गेल्या पावसाळ्यात एका दुपारी ती तिच्या दारात तांदूळ निवडत होती, म्हणजे बोटांनीच निवडत होती, दिसत कुठे होतं. मी ओटीवर आले. मराठीत तोंड उघडेना. मग मी डबीला हाक मारली आणि तिला ऐकू जाईल असं म्हटलं, "उसको बोलो, वो हल्दी का... मेरा गलती था. वाटी मैं ने लिया, वो मेरा गलती था."

डबीने निळा दिवा लावला आणि सुरू झाली. हळद गुणकारी असते. हळदीचं दूध खोकल्यावर चांगलं. जखमेवर हळद लावतात. बोलत सुटली बाई! मी "बस, बस" म्हणते, तर ती हळदीचे फायदे सांगते. मला रडू येत होतं आणि मेलं हसूही येत होतं.

तुझी आजी उठली. चाचपडत आली, कोंबड्यांची टोपली उचलली आणि भर दुपारी डबीवर पालथी घातली. टोपलीवर हात ठेवून उभी राहिली. मला वाटलं, आता बोलेल. टोपलीखालून हळदीच्या दुधाची कृती ऐकू येत होती. कृती संपली तशी ती वळली आणि तांदळापाशी जाऊन बसली. तिला डबीला गप्प करायचं होतं की मला, ते मला आजही कळलेलं नाही. पण त्या संध्याकाळी वाटी आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आठवणीसुद्धा बंद झाल्या. गोळ्यांच्या तेवढ्या राहिल्या. मी मनात म्हटलं, संपलं. झाकलेलं उघडून मी होतं नव्हतं तेही घालवलं.

मार्गशीर्षात ती पडली. ओटीच्या पायरीवरून, सकाळी दहाच्या सुमारास. मी मागे भांडी घासत होते. मला डबीचा आवाज आला, "किसको कॉल करूँ?" आणि तिचा, "उसको बुलाओ." डबी पुन्हा विचारते, किसको? "अरे उसको!" पाय मोडलेला, तरी माझं नाव घेईना, ना हाक मारीना. "घर में दूसरा कौन है? उसको!" मी राखेच्या हातांनी धावले. तिला मांडीवर घेतलं. तिने माझं मनगट धरलं, ते तुझा बाप येईपर्यंत सोडलं नाही. नंतर पाहिलं तर तिच्या चारही बोटांच्या खुणा उठल्या होत्या.

आता तुझ्या गोष्टीतला शेवट. पायात सळई घातल्यावर डॉक्टर म्हणाले की मुलाकडेच ठेवा. तुम्ही तिचं बोचकं न्यायला आलात, तीही गाडीतून आली, कारण घराला न सांगता जाणार नाही म्हणाली. खुर्चीत बसवून तिला ओटीपर्यंत आणलं. तू मोबाईल धरून उभी होतीस. तिने फळीकडे तोंड केलं आणि म्हणाली, "येते गं."

तुम्ही हसलात. डबीला निरोप दिला म्हणून.

बाय, डबीला ती कधी मराठीत बोलली होती का? एकदा तरी? आणि तिला नावाने हाक न मारता? दिवासुद्धा लागला नाही, मी बघत होते ना. आपल्यात निघणारं माणूस "जाते" म्हणत नाही, "येते" म्हणतं, आणि मागे राहणाऱ्याने "ये" म्हणायचं असतं. "ये" आल्याशिवाय पाऊल उचलू नये. उचललं तर ते जाणंच झालं. ती खुर्चीत थांबली होती. तुझा बाप म्हणाला, "आई, चल ना, गाडी उन्हात आहे." ती हलेना. फळी गप्प, भिंत गप्प. कोंबडी तेवढी पायात घुटमळत होती.

मी दाराआडून पुढे आले आणि म्हटलं, "ये, ताई. लवकर ये."

नऊ वर्षांत पहिल्यांदा. आणि तिने माझ्याकडे तोंड न वळवता काय म्हटलं ते तू गाडीचं दार उघडत होतीस म्हणून ऐकलं नाहीस. ती म्हणाली, "डबीवर टोपली घालत जा दिवेलागणीला. विसरतेस तू."

विसरत नाही. रोज घालते. त्या बयेशी मी आता फारसं बोलत नाही, दुपारी तेवढी तुझ्या आजीच्या गोळ्यांची आठवण ती अजून सांगते, ती मी काढलेली नाही. सांगून झालं की मी "हो" म्हणते.

आता तुझी हळद येते. परसातली हळद यंदा चांगली उतरली. उकडून, वाळवून दुरडीत ठेवली आहे, पण जात्याला मी हात लावलेला नाही. तिचे पाय चालत नसले तरी हात चालतात. तिला जात्यापाशी बसवू, मी समोर बसून ओढीन, दळू दोघी मिळून. तुझ्या अंगाला पहिली बोटं तिची लागतील. वाटी मी धरीन, आणि मांडवात कोण काय कुजबुजतं ते मी बघून घेईन. तुझ्या सासूला तू आधी सांगून ठेव, म्हणजे तिथे चर्चा नको.

पण त्याआधी एकदा ये. लग्नाच्या गर्दीत नको, साध्या दिवशी. तिला गाडीत पुढच्या सीटवर बसव, पाय लांब करता येतो, आणि सावकाश आण. मी डाळ करून ठेवते, मीठ घालून. "येते" म्हणून गेली आहे ती, मी "ये" म्हटलेलं आहे. फार दिवस लावू नको, बाय. या रविवारी जमतं का बघ.